ओढ्याकडचा कोपरा

रस्ता अप्पांच्या डोक्यावरून जाणार, ही बातमी चन्नप्पाने घरात सांगितली ती जेवायला बसल्यावर. पन्नाशीला टेकलेल्या, निवडणूक जिंकलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं की असली बातमी जेवण उरकायच्या आधी काढायची नसते. थोरला भाऊ संगप्पा हातातला घास ताटात ठेवून उठला. त्याच्यामागे त्याची बायको ईरम्मा उठली. म्हातारी काशम्मा, दोघांची आई, तेवढी जेवत राहिली. उपाशी राहून रस्ता अडत असेल तर आपणही उठतो, असं ती म्हणाली आणि तिने आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

अप्पा म्हणजे सिद्धप्पा कलशेट्टी. दुष्काळाच्या आदल्या साली ते गेले आणि विजापूर रस्त्यापलीकडच्या घरच्या रानात बसले. या लोकांत मेलेलं माणूस जाळत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती फासून, हातात इष्टलिंग देऊन त्याला खड्ड्यात मांडी घालून बसवतात आणि वर ओटा बांधतात. म्हणून या घरात कुणी 'गेला' म्हणत नाहीत, 'बसला' म्हणतात. अप्पांच्या ओट्यावर शहाबादी फरशी होती आणि दर सोमवारी संगप्पा दुकान बंद ठेवून तिथे बेल वाहायला जाई. बस डेपोकडे जाणाऱ्या रस्त्याची सरळ रेघ इंजिनियरने नकाशावर ओढली, ती नेमकी त्या फरशीवरून गेली होती.

आणि डेपो हा हट्ट चन्नप्पाचाच. त्या बाजूच्या वस्त्यांतले लोक गिरणीची पाळी गाठायला अंधारात घर सोडत आणि पायी जात. बस आणीन, एवढ्या एका बोलीवर लोकांनी त्याला निवडून दिलं होतं. सभागृहात बसायला लागल्यावर त्याला कळलं की शहरात बस आणणं सोपं आहे, सभासदांपुढून नेणं अवघड. बसला रंग कोणता द्यावा यावर एक अख्खी सभा गेली होती. कुणाच्या दारात थांबा हवा आणि कुणाच्या दारात नको, यावर तीन. एवढं सगळं करून डेपो मंजूर झाला, जागा ठरली, आणि आता शेवटच्या मैलात त्याचा बाप बसला होता.

सोमवारी पंचाक्षरी अय्या घरी प्रसादाला आले. कलशेट्ट्यांच्या घरची लग्नं, बारशी, समाध्या, सगळं त्यांच्याच हातचं. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, सोमवारचं दुकान बंद होतं, त्यामुळे सगळे घरात होते. संगप्पाने अय्यांच्या पायावर पाणी घातलं आणि जेवण उरकताच त्यांच्यापुढे विषय मांडला. समाधी हलवता येईल का, हे चन्नप्पाने विचारलं. अय्या बराच वेळ सुपारी चघळत राहिले. मग एकदा बसवलेलं माणूस उठवायचं नसतं, एवढंच बोलले.

"झालं तर मग," संगप्पा म्हणाला. "रस्ता उत्तरेनं न्या."

"उत्तरेला वस्ती हाय, अण्णा."

"वस्ती कसली? पालं हाईत."

"पालं तर पालं. माणसंच ऱ्हात्यात की त्यात."

ती माणसं दुष्काळात आली होती. सांगोल्याकडून, मंगळवेढ्याकडून, मेंढरं विकून किंवा मरू देऊन आलेले धनगर. सरकारी कामावर त्यांनी खडी फोडली, पाऊस पडला तरी ती परत गेली नाहीत, कारण परत जायला मागे मेंढरं उरली नव्हती. पत्रे, गोणपाट आणि तुराट्या लावून त्यांनी कलशेट्ट्यांच्या रानाच्या उत्तर बांधाला लागून घरं केली. चन्नप्पाने त्यांना नळ दिला होता. मतंही घेतली होती. त्यांनीच फोडलेली खडी त्यांच्याच घरावर टाकू का, असं त्याने भावाला विचारलं, आणि संगप्पाने उत्तरेचा हट्ट सोडला. कारण संगप्पा तापट असला तरी वाईट माणूस नव्हता.

उत्तर गेली, मधला मार्ग गेला. उरली दक्षिण. तिकडे रान उतरत ओढ्याला जाऊन मिळतं. ओढा ओलांडायचा तर पूल हवा, आणि पुलाचं नाव काढलं तर डेपो पुन्हा दहा वर्षं लांबला असता. पण ओटा आणि ओढा यांच्यामध्ये पट्टा होता, रस्त्यापुरता. जरासं वळण घेऊन तिथून रस्ता बसत होता. चन्नप्पाने बोटाने ते सतरंजीवर काढून दाखवलं. बघता बघता घरातले सगळे एकमताचे झाले. सकाळपासून एकमेकांकडे न बघणारे दोघे भाऊ एकाच सतरंजीवर वाकून बसले. एवढ्या वर्षांत त्यांचं इतकं कधी जमलं नव्हतं.

"ओढ्याकडं हाय तरी काय," ईरम्मा म्हणाली. "कुसळं उगवत्यात नुसती."

चन्नप्पाची बायको रत्नम्मा उष्टी ताटं गोळा करत होती. या घरात पुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडली नव्हती. ताटांची चवड तिने तशीच उंबऱ्यावर ठेवली.

"ओढ्याकडं माजी पोर हाय," ती म्हणाली.

प्रत्येकाला ते माहीत होतं आणि प्रत्येकाने ते विसरल्यासारखं केलं होतं. रत्नम्माला एकच मूल झालं, मुलगी. तेव्हा चन्नप्पा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात येरवड्याला होता. बारशाआधीच पोर गेली. अय्या तेव्हा कर्नाटकात मठाला गेले होते, त्यामुळे तिच्या गळ्यात लिंग बांधायचं राहून गेलं होतं. लिंग नाही, नाव नाही. असल्या मुलाला या घराण्यात बसवत नाहीत. फडक्यात गुंडाळून रानाच्या कडेला निजवतात, वर ओटा नाही, दगड नाही. अप्पांनी त्या दिवशी तसंच सांगितलं आणि तसंच झालं. पुढे रत्नम्माला मूल झालं नाही.

संगप्पाने अय्यांकडे बघितलं. अय्यांनी डोळे मिटले. नियम विचारला तर नियम सांगणं हे त्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी केलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण रत्नम्माच्या जन्मभर लक्षात राहील असंच ते बोलले.

"लिंग बांधलेलं नव्हतं, बाई. तिला समाधी म्हनता येत न्हाई."

तेव्हा काशम्मा बोलली. नवऱ्यापुढे ती कधी मान वर करून बोलली नव्हती, पण नवरा आता ओट्याखाली होता. रस्ता त्यांच्यावरूनच जाऊ द्या, असं तिने सांगितलं. बसून बसून कंटाळले असतील, बसगाड्या बघतील. संगप्पा म्हणाला, "अव्वा, काय बोलतीस." ती म्हणाली, "खरं बोलतीय. त्या कूसूवर एक दगड ठिवू दिला न्हाई त्यांनी. मी पाया पडले हुते." कूसू म्हणजे तान्हं मूल. म्हातारी रागावली की तिच्या मराठीत कानडी शिरे.

पण सासूने सुनेची बाजू घेतली म्हणून हिशेब बदलला नाही. ईरम्मा रडायला लागली, कारण तिने कुसळांचं बोलणं नकळत केलं होतं. संगप्पा उठून खिडकीशी गेला. रत्नम्मा नवऱ्याकडे बघत राहिली. तो काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं. हजार माणसांपुढे बोलणारा माणूस. चन्नप्पा सतरंजीवरच्या आपल्या बोटाकडे बघत होता. थोड्या वेळाने ती वाकली, ताटं उचलली आणि मोरीकडे गेली. रस्ता दक्षिणेने न्यायचं ठरलं.

संगप्पा त्या दिवशी संध्याकाळी नव्या पेठेतल्या दुकानात जाऊन बसला. सोमवारी तो कधी दुकान उघडत नसे. गिऱ्हाईक आलं तर परत पाठवायचं, असं ठरवून तो अर्धी फळी उघडी ठेवून गादीवर टेकला. इरकली साड्यांच्या थप्प्या भोवती होत्या आणि त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं.

त्या पोरीला रानात त्याने नेलं होतं. चन्नप्पा तुरुंगात, अप्पा म्हणाले कुणा बाईने बरोबर जायचं नाही. खड्डा त्यानेच खणला. पोर इतकी हलकी होती की वाटेत दोनदा त्याने फडकं उघडून बघितलं. बोरीपासून चार हात आत, एवढी खूण त्याने घरी येऊन आईला सांगितली आणि आईने रत्नम्माला; पण माती लोटून झाल्यावर तो तिथे किती वेळ बसला होता ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर दर साली नांगरट करताना औत त्या कोपऱ्याशी आलं की तो वळवायला सांगे. गडी विचारी, मालक, एवढा तुकडा कशाला सोडायचा? संगप्पा म्हणे, खाली मुरूम आहे, फाळ मोडेल. मुरूम नव्हता. चांगली काळी जमीन होती.

हे सगळं त्याला आज बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण बोलला असता तर बापाच्या ओट्यावर डांबर पडलं असतं किंवा धनगरांच्या घरावर, आणि थोरल्या मुलाला बापाचा ओटा सोडता येत नाही. गादीवर बसून तो स्वतःला हेच सांगत होता आणि ते त्याला पटत नव्हतं. अंधार पडायच्या आत त्याने फळी लावली.

गोजाबाई रोज सकाळी शेळीचं दूध घालायला यायची. काशम्माला दमा होता आणि शेळीच्या दुधाने छाती मोकळी होते असं कुणीतरी सांगितलं होतं. गोजाबाई त्याच वस्तीतली. तिचा नवरा येडू मिळेल त्या कामावर जाई, आणि दोन शेळ्या हीच काय ती घरातली लक्ष्मी. रत्नम्माचं आणि तिचं जमत असे. दोघींनाही मूल नव्हतं. गोजाबाईची दोन होती, ती दुष्काळात वाटेवर गेली. हे त्या दोघींनी एकमेकींना एकदाच सांगितलं होतं, पुन्हा काढलं नव्हतं.

मंगळवारी ती दूध मापून झाल्यावरही उठेना. पट्ट्या-साखळ्या घेऊन माणसं आली होती, तिच्या चुलीपाशी खुंटी मारून गेली, असं ती सांगत राहिली. आधी वाटलं नवा नळ येतोय. मग कुणी म्हणालं रस्ता येतोय.

"वैनी, साहेबांस्नी इचारा की. खुंटी आमच्या दारात कशापायी मारली?"

रत्नम्मा पातेल्यातल्या दुधाकडे बघत होती. तिला सांगता आलं असतं की मला काही माहीत नाही. बायका असं सांगतात आणि ते खपतं. पण समोरच्या बाईचा चेहरा बघून तिला ते जमलं नाही.

"तुमच्या घरावरनं रस्ता जात न्हाई," ती म्हणाली. "मी सांगते तुला. भिऊ नगंस."

गोजाबाईने तिचे हात धरले आणि कपाळाला लावले. ती गेल्यावर रत्नम्मा चुलीपुढे बसून रडली. शब्द आपण दिला आणि तो काय देऊन दिला हे तिला चांगलं कळत होतं.

सभा शुक्रवारी होती. सकाळी चन्नप्पा धोतर नेसत असताना ती खोलीत आली आणि दार लोटून उभी राहिली. सोमवारपासून नवराबायको एकमेकांशी बोलले नव्हते. ती म्हणाली की तिची काही हरकत नाही, रस्ता ओढ्याकडूनच न्यावा. गोजाबाईची घरं राहू देत, अप्पांचा ओटा राहू दे, बस येऊ दे. चन्नप्पा म्हणाला, "रत्ना, माजा नाइलाज हाय." नवरा अवघडलाय हे तिला दिसलं, आणि त्याला सोपं जावं म्हणून ती पुढे बोलली.

"तुमी नगा मनाला लावून घेऊ. तुमाला ती कुटं म्हाईत हाय. तुमी तर तिचं तोंडबी बघितलं न्हाई."

टोचायचं तिच्या मनात नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं. ती खरोखर त्याला सोडवायला गेली होती. चन्नप्पाने टोपी घातली आणि तो बाहेर पडला.

सभा दुपारी होती, पण तो टांगा करून आधी रानात गेला. ज्वारी कमरेच्या वर उभी होती, कणसं भरली होती. ओट्याला वळसा घालून तो ओढ्याकडच्या कोपऱ्यात आला. तेवढाच तुकडा नापेर होता. चन्नप्पा तिथे उभा राहून जागा शोधू लागला. बोरीच्या झाडाजवळ, का अलीकडे, का बांधाला लागून? त्याने कुणाला कधी विचारलंच नव्हतं. तुरुंगातून सुटून आला तेव्हा गावात मिरवणूक निघाली होती, गळ्यात हार होते, आणि घरात बायको भिंतीकडे तोंड करून निजली होती. पुढे कधी विषय निघाला नाही. आपली मुलगी नक्की कुठे आहे हे सबंध घरात फक्त आपल्यालाच माहीत नाही, हे त्याला पन्नाशीत कळलं. तो खाली बसला आणि ढसाढसा रडला. टांगेवाला रस्त्यावर घोड्याला पाणी पाजत होता, त्याने ऐकलं असेल तर असेल.

सभागृहात नेहमीचं चाललं होतं. मंडईमागच्या गटारीवरून दोन सभासद एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत पोचले होते. पाण्याची नवी पाइपलाइन आधी कुणाच्या पेठेत जाणार यावर एकाने सभात्याग केला आणि चहा पिऊन परत आला. बसच्या तिकिटाचा दर पुढच्या सभेवर ढकलला. सगळे थकल्यावर डेपोच्या रस्त्याचा विषय निघाला. इंजिनियर नकाशा घेऊन उभा राहिला. तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट, पुण्याहून नुकताच आलेला. सरळ रेषेत एक समाधी येत असल्याने भावनांचा आदर राखून दोन पर्याय काढले आहेत, असं त्याने सांगितलं. उत्तरेला काही अनधिकृत झोपड्या आहेत. दक्षिणेला थोडं वळण पडेल.

त्या सभागृहात एक रिवाज होता. ज्याच्या वॉर्डातलं काम, त्याने बोट दाखवायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या. आपल्या वॉर्डातल्या कामात उद्या कुणी तंगडी घालू नये म्हणून सगळेच तो पाळत. महापौर म्हणाले, "कलशेट्टी, वॉर्ड तुमचा, रानही तुमचंच. बोला."

चन्नप्पा उभा राहिला. दक्षिण म्हणायचं, एवढंच काम होतं. वाटभर त्याने ते मनाशी घोकलं होतं. त्याला मदत व्हावी म्हणूनच बहुधा, इंजिनियरने नकाशावर ओढ्याजवळ पेन्सिल टेकवली.

"इथे काहीच नाही, साहेब. पडीक आहे."

चन्नप्पा त्या पेन्सिलीकडे बघत राहिला. मागून कुणीतरी खोकलं. नगरसेवकाला आज भाषण आठवेना काय, असं एकजण हसत म्हणाला.

"दक्षिणेला ओढ्याचं पाणी चढतं," चन्नप्पा म्हणाला. "रस्ता टिकणार नाही. उत्तरेने घ्या."

इंजिनियरने मान वर केली. उत्तरेचा मार्ग त्यातल्या त्यात सरळ पडत होता आणि त्याला तोच हवा होता, म्हणून त्याने पाण्याबद्दल काही विचारलं नाही. झोपड्यांचं काय, हे विचारणारा सभागृहात एकच माणूस होता आणि तो आत्ताच बोलून खाली बसला होता. ठराव एकमताने झाला. बाकं वाजली. शेजारच्या सभासदाने चन्नप्पाच्या पाठीवर थाप मारली, बस आली म्हणून.

घरी येऊन त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. रत्नम्मा पीठ मळत होती. तिने ऐकलं, हात थांबले, आणि कुणासाठी केलं म्हणून तिने विचारलं. तो म्हणाला, तुझ्यासाठी. जन्मात पहिल्यांदा तो तिच्यासाठी काही करून आला होता, आणि ती शाबासकी देईल अशी आशा त्या बिचाऱ्याच्या तोंडावर दिसत होती.

"मी मागितलं व्हतं?" रत्नम्मा म्हणाली. "मी सोडून दिलं व्हतं तिला. लई दिवस लागले मला, पर सोडलं व्हतं. गोजाबाईला शब्द दिलाय मी. आता कुटल्या तोंडानं दूध घेऊ तिच्याकडनं?"

तो म्हणाला की त्याला राहवलं नाही. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि फिरवून या. तो खरंच गेला. महापौरांच्या घरी तासभर बसला. एकमताने झालेला ठराव लगेच उघडता येत नाही, आणि उघडायचा तर कारण द्यावं लागेल, असं त्याला सांगण्यात आलं. ओढ्याला पाणी चढतं म्हणून तुम्हीच बोललात, आता काय उतरलं? चन्नप्पाला खरं कारण द्यायचं होतं. ते ओठांवर आलंही होतं. पण ज्या पोरीला घराण्याने नाव दिलं नाही तिचं सभागृहाला काय म्हणून सांगायचं, हे त्याला कळेना. तो नमस्कार करून उठून आला. रत्नम्माने त्याच्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं आणि वर बघितलं नाही.

घरात ज्याला हवं होतं ते मिळालं असा एक संगप्पाच होता. उत्तरेची वाट त्यानेच आधी सांगितली होती. पण त्या सोमवारी तो बेल वाहायला रानात गेला नाही, गुडघा दुखतो म्हणाला. काशम्माने शेळीचं दूध बंद केलं. छाती भरून आली तरी तिने ते पुन्हा मागितलं नाही.

वस्तीवर पोलीस आणावे लागले नाहीत. नोटिशी लागल्या, आणि त्याच आठवड्यात रस्त्याच्या कामावर माणसं भरायला सुरुवात झाली. येडूला खडी फोडायचं काम मिळालं. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी मोडली, पत्रे उतरवले, तुराट्यांच्या मोळ्या बांधल्या. कुणी होटगीकडे गेले, कुणी नातलगांत. साहेब वस्तीसाठी सभागृहात खूप भांडले पण बाकीच्यांनी ऐकलं नाही, अशी बातमी चन्नप्पाच्या कार्यकर्त्यांनी पसरवली होती. चन्नप्पाने ती खोडली नाही. तेवढंही धैर्य त्याच्यात उरलं नव्हतं.

गोजाबाई संध्याकाळी आली, दूध न घेता. डोक्यावरचा पदर सारखा करत ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. साहेबांनी आमच्यापायी लई धडपड केली म्हणं, देव त्यांचं भलं करू दे, असं ती म्हणाली. रत्नम्माला ते ऐकवेना. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण गोजाबाईचं बोलणं संपलं नव्हतं. येडूचं काम रस्त्यावर, शेळ्या दोन, लांब जाऊन भागायचं नाही. तुमच्या रानात पीक उभं आहे, पण खालच्या अंगाला ओढ्याकडे एक तुकडा मोकळा आहे. रस्ता होईस्तोवर तिथे खोपट घालू का? येडू मोठ्या मालकांना विचारून आला होता. मोठे मालक म्हणाले, धाकट्या मालकीणबाईंना विचारा, त्या म्हणतील तसं.

रत्नम्मा भिंतीला धरून उभी होती. आत काशम्माने माळ ओढायची थांबवली होती. हो म्हणावं की नाही, याचा विचार करायला लागतो तेवढा वेळ गोजाबाई मुकाट उभी राहिली. नाही म्हटलं असतं तर ती काही न विचारता निघून गेली असती. गरिबांना नकाराचं कारण मागायची सवय नसते.

"चल, दाखवते जागा," रत्नम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्याबरोबर रानात गेली. पलीकडे बांधावर खडीच्या पहिल्या बैलगाड्या रिकाम्या होत होत्या. येडूने जागा पावलांनी मोजली, वाऱ्याचा अंदाज घेतला, दार कुठल्या बाजूला बरं ते ठरवलं. पाणी चढत नाही ना इथे, असं त्याने विचारलं आणि रत्नम्माने नाही म्हणून सांगितलं. थोडं पुढे सरकून बांधता येईल का, असं तिने एकदा म्हणून बघितलं. पुढे ज्वारी होती, मागे ओढ्याची दरड. येडूने दोन्हीकडे हात करून दाखवलं. मग ती बोरीपासून चार हात आत गेली आणि जमिनीवर बसली. उन्हाने माती तापायला लागली होती. तिने तळहात टेकवला.

गोजाबाईला वाटलं, वैनी दमल्या. शहरातली बाई, उन्हातून चालत आलेली. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, रत्नम्माने घोटभर घेतलं. येडू पहार आणि खोपटाच्या मधल्या खांबाचं लाकूड घेऊन जवळ आला आणि ती उठायची वाट बघत राहिला. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. त्याला कामावर जायचं होतं, हजेरीची वेळ टळत होती. बाईमाणसाला, त्यातून मालकिणीला, उठा कसं म्हणावं हे त्याला कळेना. शेवटी गोजाबाईच बोलली.

"वैनी, जरा सरकता का? मधली मेढ हितंच रोवावी लागंल."

रत्नम्मा उठली आणि बाजूला झाली.